मेक्सिकन पद्धतीचा स्मोक्ड ब्रिस्केट: आधी धूर, मग मिरची, आंबट सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ह्यूस्टनच्या उपनगरात घर, मागच्या अंगणात २२ इंची केटल ग्रिल, टाकोसाठी मेक्सिकन पद्धतीचा स्मोक्ड ब्रिस्केट (बीफच्या छातीचा तुकडा) करायचा होता. मिरच्यांचं वाटण, लिंबाचा रस आणि व्हिनेगर चोपडून पाच किलोचा तुकडा रात्रभर मुरवला. मेस्किटच्या लाकडावर ठेवला. पाच तासांनी तापमान वर जाईना म्हणून झडपा उघडून आच वाढवली आणि आठव्या तासाला काढला. बाहेरून काळा आणि कडू, आतून चिवट. नेमकं काय चुकलं?

कडूपणा आणि चिवटपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणून उत्तरही वेगवेगळं. चिवट झाला कारण तो कच्चा राहिला. कडू झाला तो तीन गोष्टींनी: ओल्या वाटणाचा थर करपला, मेस्किट जास्त झालं आणि विस्तव गुदमरून धूर घाण झाला. मिरचीचं ओलं वाटण चुकलं नाही, त्याची वेळ चुकली. आधी धूर, मग मिरची, आंबट सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला तर बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

आधी एक खुलासा. अख्खा ब्रिस्केट दहा-बारा तास धुरावर ठेवणं ही मुळात टेक्सासची रीत. मेक्सिकोत छातीच्या या भागाला पेचो म्हणतात आणि तो बहुतेक वेळा उकडून, तंतू सोडवून खातात. हिदाल्गो राज्यातला बार्बाकोआ म्हणजे मेंढीचं मांस 'मागेय' या घायपाताच्या जातीतल्या झाडाच्या जाड पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवलेलं. सोनोरा आणि नुएव्हो लिओन या उत्तरेकडच्या गुराढोरांच्या मुलखात मेस्किटच्या निखाऱ्यावर बीफ भाजतात. या सगळ्याची गाठ रिओ ग्रांदे या सीमेवरच्या नदीच्या दोन्ही काठांवर पडते. सीमेवरच्या ब्राउन्सव्हिलमध्ये व्हेराज बॅकयार्ड बार-बी-क्यू हे छोटं दुकान आजही जमिनीतल्या खड्ड्यात, मेस्किटच्या निखाऱ्यावर गाईची डोकी शिजवतं. त्याला २०२० साली जेम्स बिअर्ड फाउंडेशन या अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रातल्या संस्थेचा सन्मान मिळाला. आपण करणार आहोत तो टेक्सासचा धूर आणि मेक्सिकोचं पानात गुंडाळणं, अडोबो (वाळलेल्या मिरच्यांचं आंबूस वाटण) आणि टाको यांचा मेळ.

खरेदी करताना 'पॅकर' म्हणजे अख्खा ब्रिस्केट घ्या, साडेपाच ते सहा किलोचा. त्यात दोन स्नायू असतात. फ्लॅट हा पातळ, सपाट आणि कोरडा. पॉइंट हा त्याच्यावर चढलेला, जाड आणि चरबीदार. नुसता फ्लॅट घेऊ नका. घरगुती ग्रिलवर तो वाळतोच. दर्जा किमान यूएसडीए (अमेरिकेचं कृषी खातं) चॉइस असावा, परवडला तर त्याच्या वरचा प्राइम. खालच्या सिलेक्टमध्ये मांसाच्या आत चरबीच्या रेषा इतक्या कमी असतात की कितीही काळजी घेतली तरी फ्लॅट कोरडा लागतो. दुकानात तुकडा मधोमध हातावर तोलून बघा. दोन्ही टोकं खाली झुकली तर चांगलं लक्षण. फ्लॅटचं टोक दोन बोटांपेक्षा पातळ असेल तर दुसरा उचला.

साफसफाई फ्रिजमधून काढल्या काढल्या करावी, थंड चरबी सुरीला नीट कापते. वरचा चरबीचा थर सगळीकडे सहा मिलिमीटरवर आणा. दोन स्नायूंच्या मधे कडक, पिवळसर चरबीचा गठ्ठा असतो. तो कितीही तास ठेवला तरी वितळत नाही, तेव्हा जेवढा निघेल तेवढा काढा. चरबी नसलेल्या बाजूची चकाकती पातळ पापुद्र्यासारखी साल सोलून टाका. फ्लॅटचे कोपरे गोल करा, नाहीतर तेच आधी करपतात. सहा किलोतून एक-सव्वा किलो सहज निघतं. ते फेकू नका. चरबी बारीक चिरून मंद आचेवर वितळवा आणि गाळून ठेवा. अडोबो परतायला आणि शेवटी टाको खरपूस करायला हीच लागणार आहे.

आता मीठ. साफ केलेल्या मांसाच्या वजनाच्या १.१ टक्के, म्हणजे पाच किलोला ५५ ग्रॅम. चमच्याने मोजू नका; कोशर मीठ आणि साधं बारीक मीठ यांचा एक चमचा सारख्या वजनाचा नसतो. मीठ आदल्या दिवशी चोळून, न झाकता, जाळीवर फ्रिजमध्ये १२ ते २४ तास ठेवा. मुरवायचं ते एवढंच. मीठ खरोखर आत शिरतं. मिरची, लसूण, लिंबू हे जेमतेम काही मिलिमीटर जातात. आंबट रात्रभर लावून ठेवलं तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतल्या भागाला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

ग्रिलवर ठेवण्याआधी कोरडा मसाला लावायचा: भरड काळी मिरी ३० ग्रॅम, आंचो मिरचीची पूड ३० ग्रॅम, ग्वाहिलो पूड २० ग्रॅम, लसूण पावडर १० ग्रॅम, जिरेपूड ६ ग्रॅम, मेक्सिकन ओरेगानो ४ ग्रॅम. साखर अजिबात नको. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो, गोडसर, मनुकांच्या जवळ जाणारी चव. ग्वाहिलो रंगाला आणि हलक्या आंबूसपणाला. ती न मिळाल्यास ब्याडगी बऱ्यापैकी चालते, रंग तर उत्तम येतो. आंचोला मात्र आपल्याकडे जोड नाही. जिऱ्याचं प्रमाण मुद्दाम कमी दिलंय. आपला हात जिऱ्याला सैल असतो, आणि १० ग्रॅमच्या पुढे गेलं की चव मेक्सिकोहून निघून तयार पाकिटातल्या 'टाको मसाल्या'कडे जाते. ओरेगानो पिझ्झावरचा घेऊ नका. मेक्सिकन ओरेगानो ही वेगळीच वनस्पती आहे, व्हर्बेना कुळातली, उग्र आणि लिंबाच्या अंगाची. ह्यूस्टनच्या कोणत्याही मेक्सिकन वाणसामानाच्या दुकानात छोट्या पुडीत मिळतो.

लाकडाबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमचं निम्मं कडूपण इथून आलंय. मेस्किट तापट लाकूड आहे, त्याचा कच्चा धूर तिखट आणि डांबरट. सीमेवरचे लोक ते वापरतात तेव्हा आधी जाळून निखारे करतात आणि मग मांस त्या निखाऱ्यावर ठेवतात. सुरुवातीचा घाण धूर तोवर निघून गेलेला असतो. केटलमध्ये आपण लाकडाचे कच्चे तुकडे कोळशावर ठेवतो, त्यामुळे तो सगळा धूर मांसालाच लागतो. म्हणून ओकचे मुठीएवढे चार तुकडे आणि मेस्किटचे फक्त दोन, तेही छोटे. तुकडे पाण्यात भिजवू नका. भिजलेलं लाकूड आधी वाफ सोडतं आणि मग अर्धवट जळतं.

कोळसा 'साप' पद्धतीने रचा: ग्रिलच्या कडेने ब्रिकेटच्या (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्यांच्या) दोन ओळी, त्यांच्यावर आणखी दोन, असं पाऊण वर्तुळ. पहिल्या अर्ध्या भागावर लाकडाचे तुकडे चार-चार बोटं सोडून ठेवा. चिमणी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायच्या उभ्या नळकांड्यात) दहा ब्रिकेट पूर्ण पांढरे होईपर्यंत पेटवून सापाच्या एका टोकाला लावा. मधल्या मोकळ्या जागेत ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये गरम पाणी ठेवा. जाळीवर मांस ठेवताना चरबीची बाजू खाली, पॉइंट विस्तवाच्या टोकाकडे आणि फ्लॅट लांब. वरची झडप पूर्ण उघडी ठेवा आणि आच सांभाळायची ती खालच्या झडपेने. वरची बंद करून तापमान उतरवायला गेलात की धूर आत कोंडतो आणि काजळी मांसावर बसते. वरच्या झडपेतून निघणारा धूर जेमतेम दिसणारा, निळसर असला पाहिजे. दाट पांढरा दिसत असेल तर मांस ठेवायची घाई करू नका, वीस मिनिटं थांबा.

जाळीच्या पातळीवर तापमान १२० अंश सेल्सियस, म्हणजे २५० फॅरनहाइटच्या आसपास हवं. दहा अंश इकडे-तिकडे झाले तर बिघडत नाही. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नका. तो वरची हवा मोजतो आणि मांसाजवळच्या तापमानापेक्षा बराच चुकू शकतो. दोन टोकांचा प्रोब थर्मामीटर घ्या, एक प्रोब जाळीवर आणि एक फ्लॅटच्या सगळ्यात जाड भागात. पहिले तीन तास झाकण उघडायचंच नाही. नंतर पृष्ठभाग कोरडा दिसला तर तासाला एकदा पाणी फवारा.

आता तो पाचवा तास, जिथे तुम्ही घाबरलात. मांस ६६ ते ७४ अंशांच्या (१५० ते १६५ फॅरनहाइट) पट्ट्यात आलं की तापमान अडतं. दोन तास, कधी चार तास जागचं हलत नाही. ग्रिल बिघडलेली नसते. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि ते बाष्पीभवन जितकी उष्णता येते तितकी घेऊन जातं. इथे झडपा उघडल्या तर आतलं तापमान फारसं वाढत नाही, बाहेरचा थर मात्र १५० अंशांच्या वर तापून काळा पडतो. त्यावर मिरची-लसणाचं ओलं वाटण असेल तर ते करपणारच. यावर उपाय एकच, गुंडाळणं. बाष्पीभवन थांबलं की काटा पुन्हा चढायला लागतो.

गुंडाळायची वेळ मात्र घड्याळावर ठरवू नका. नखाने हलकं खरवडून बघा. मसाल्याची साल निघून आली तर अजून थांबा. नख घसरलं आणि साल जागेवर राहिली तर झालं. साधारण सहा-साडेसहा तास लागतात आणि आत ७२ अंशांच्या आसपास तापमान असतं. धुराचं काम इथे संपतं. मांसाच्या कडेला दिसणारी गुलाबी रिंग तर ६० अंशांच्या आसपासच थांबलेली असते, कारण रंग देणारं मायोग्लोबिन त्यानंतर बदलतं.

अडोबो मांस धुरावर असताना करून ठेवा. सहा ग्वाहिलो, चार आंचो, तीन चिपोतले मोरिता (धुरावर वाळवलेल्या हालापेन्यो मिरच्या) घ्या. देठ आणि बिया काढून तव्यावर मध्यम आचेवर दाबून एका बाजूला वीस-तीस सेकंद शेका. वास सुटला आणि रंग किंचित पालटला की लगेच उचला. एखादी काळी पडली तर ती टाकून द्या. एक करपलेली मिरची सगळं वाटण कडू करते. मग कढत पाण्यात वीस मिनिटं भिजवा. सालीसकट भाजलेल्या सहा लसूण पाकळ्या सोला, अर्धा कांदा तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. दोन सेंटिमीटर दालचिनी (पातळ पापुद्र्यांची, सिलोनची, मेक्सिकोत तीच वापरतात), तीन लवंगा, एक चमचा ओरेगानो, एक चमचा मीठ, सफरचंदाचं व्हिनेगर ६० मिलिलिटर आणि २०० मिलिलिटर स्टॉक घालून मिक्सरमध्ये गंधासारखं वाटा. चाळणीतून गाळा, हे टाळू नका. ग्वाहिलोची साल कितीही वाटली तरी दाताखाली येते. मिरच्या भिजवलेलं पाणी चाखून बघा, कडवट असेल तर ओतून द्या. शेवटी दोन चमचे वितळवलेल्या चरबीत हे वाटण आठ-दहा मिनिटं परता, तेल सुटेपर्यंत. इथे आपल्याकडच्या रश्श्याचा हात कामाला येतो. कच्चं वाटण आणि परतलेलं वाटण यांत काय फरक पडतो हे मराठी स्वयंपाक्याला सांगावं लागत नाही.

केळीची पानं फ्रोझन मिळतात, मेक्सिकन दुकानातही आणि भारतीय दुकानातही. पान वितळलं की आचेवरून फिरवा. ते चकचकीत हिरवं होतं आणि दुमडलं तरी फाटत नाही. जाड फॉइलचे दोन थर, त्यावर पानं, पानावर अर्ध्याहून थोडा कमी अडोबो पसरा आणि मांस त्यावर ठेवा. अडोबो खाली आणि बाजूंना, वरच्या सालीवर नको, नाहीतर सहा तासांची कमाई भिजून जाते. अवाकाडोची दोन-तीन वाळलेली पानं मिळाली तर तव्यावर हलकी शेकून आत घाला. बडीशेपेचा मंद वास येतो. टेक्सासचे पिटमास्टर, म्हणजे धुरावर मांस शिजवणारे उस्ताद, गुंडाळायला गुलाबी बुचर पेपर वापरतात आणि साल कुरकुरीत राखायला तो खरंच चांगला. पण आपल्याला रस हवाय, टाकोत कापून घालायचंय, म्हणून पान आणि फॉइल.

गुंडाळी घट्ट बांधून ती सरळ घरातल्या ओव्हनमध्ये १३५ अंशांवर (२७५ फॅरनहाइट) ठेवा, खाली ट्रे घालून. बंद फॉइलमध्ये धूर शिरत नाही, मग कोळसा जाळून उपयोग काय? यात लबाडी नाही, आणि आच स्थिर राहते.

शिजलं कधी समजायचं? ९२ अंशांपासून तपासायला लागा. फ्लॅटच्या जाड भागात बारीक सळई घाला. आत जाताना आणि बाहेर येताना ती कुठेच अडखळली नाही की झालं. बहुतेक तुकडे ९५-९६ अंशांवर तयार होतात, काही ९३ वर, काही ९८ वर. आतलं कोलॅजन ७० अंशांनंतर हळूहळू जिलेटिन व्हायला लागतं आणि त्याला तास लागतात. तुमचा तुकडा आठव्या तासाला निघाला तेव्हा बहुधा ८०-८५ अंशांत होता. या टप्प्यावर स्नायूंतलं पाणी बरंच निघून गेलेलं असतं आणि कोलॅजन अजून विरघळलेलं नसतं, म्हणून मांस कोरडंही लागतं आणि चिवटही. इथे 'जास्त शिजलं' असं वाटून लोक पुढच्या वेळी आणखी लवकर काढतात आणि आणखी फसतात. ओळख सोपी आहे. कापलेली चकती ओढली तर रबरासारखी ताणते, म्हणजे कमी शिजलं. उचलताच भुसभुशीत चुरा होतो, म्हणजे जास्त झालं.

निघाल्यावर फॉइल दहा मिनिटं उघडी ठेवून आतली वाफ जाऊ द्या, नाहीतर मांस आतल्या आत शिजत राहतं. मग पुन्हा गुंडाळून, जुन्या टॉवेलात बांधून रिकाम्या कूलरमध्ये दोन ते चार तास. आत ६३-६५ अंश झालं की कापायचं. ६० च्या खाली उतरू देऊ नका. ही विश्रांती शोभेची नाही. गरम असताना पातळ असलेला रस थोडा निवल्यावर दाटतो आणि फळीवर वाहून जात नाही. रात्री आठला जेवण असेल तर पहाटे पाचला कोळसा पेटवा, सहाला मांस, साडेबारा-एकला गुंडाळी, पाचच्या आसपास तयार. लवकर झालं तर कूलर सांभाळतो. उशीर झाला तर पाहुण्यांना थांबवण्यापलीकडे इलाज नसतो.

कापताना पॉइंट आणि फ्लॅट वेगळे करा, दोघांच्या रेषा वेगळ्या दिशांनी जातात. टाकोसाठी पेन्सिलएवढ्या चकत्या रेषेला आडव्या कापा आणि मग जाडसर चिरा, प्रत्येक वेळी फ्लॅट दोन वाटे आणि पॉइंट एक वाटा असं मिसळून. गुंडाळीतला रस गाळून वरची चरबी काढा, उरलेल्या अडोबोत मिसळून एक उकळी द्या आणि चिरलेल्या मांसावर थोडा थोडा घाला. मग गरम तव्यावर चमचाभर चरबीत मिनिटभर, एकाच बाजूने खरपूस.

तोर्तिया (टाकोच्या पातळ पोळ्या) मक्याच्या साध्या पिठाच्या करू नका, त्या वळत नाहीत, चिरा पडतात. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ लागतं, पाकिटावर मासा हरिना लिहिलेलं. दोन कप पिठाला सुमारे दीड कप कोमट पाणी, अर्धा तास झाकून ठेवा, मग दाबून लाटा. वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, टोमॅटिलोची (टोमॅटोसारख्या आंबट हिरव्या फळाची) हिरवी साल्सा, म्हणजे पातळ चटणी, आणि लिंबू आत्ता, खाणाऱ्याच्या हातात. बार्बाकोआबरोबर खातात ती 'साल्सा बोराचा' (म्हणजे 'झिंगलेली' साल्सा) हीसुद्धा जमते: भाजलेली पासिया मिरची, लसूण, संत्र्याचा रस आणि पुल्केऐवजी (मागेयच्या रसाची आंबवलेली दारू) थोडी बिअर. किसलेलं चेडार आणि सावर क्रीम बाजूला ठेवा, धुराची चव त्याखाली गाडली जाते. सहा किलोच्या कच्च्या तुकड्यातून शिजलेलं मांस तीन किलोच्या आत-बाहेर मिळतं. पन्नास-साठ ग्रॅमचा टाको धरला तर पन्नासच्या आसपास टाको.

हेच महाराष्ट्रात करायचं असेल तर गणित वेगळं. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मिळतं ते म्हशीचं, मोठ्याचं मटण. ते बहुधा वयस्क जनावराचं आणि आत चरबीच्या रेषा नसलेलं असतं. बारा तासांचा टेक्सासचा खेळ त्याच्यावर खेळू नका. छातीचा दोन-अडीच किलोचा तुकडा घ्या, मीठ-मसाला तसाच प्रमाणात, तीन तास धुरावर, आणि आत ६५ अंश झाले की लगेच काढा. मग प्रेशर कुकरमध्ये अडोबो, पेलाभर पाणी आणि थोडी चरबी घालून शिटी झाल्यावर मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. तंतू सुटेल, चकत्या पडणार नाहीत, पण टाकोला तेच हवं. लाकडाची सोय मात्र आपल्याकडे आयती आहे. माळरानावर माजलेली वेडी बाभूळ ही मेस्किटचीच जवळची नातलग, आणि तिचा कोळसा बाजारात सर्रास मिळतो. हे सगळं उघड्यावर करा. बंद बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये कोळसा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये तर बाल्कनीत कोळशाची ग्रिल बहुतेक ठिकाणी नियमानेच बंद असते.

उरलेलं मांस न चिरता, रसासकट, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. तिथे ते तीन-चार दिवस टिकतं. गरम करताना फॉइलमध्ये दोन चमचे रस घालून ओव्हनमध्ये १५० अंशांवर, आत ७४ अंश होईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये फ्लॅट लगेच वाळतो.